रविवारी पाऊस पडत नाही, असं आमचं मॉडेल म्हणालं होतं

औंढा नागनाथ तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलंय: "आमच्याकडे लिगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा, उभं राहतंय, त्यामुळे मुलं सारखी प्रश्न विचारतात. महासंगणक म्हणजे नुसता फास्ट कॉम्प्युटर का? आता एआय आलंय, मग महासंगणक कशाला? या दोघांमुळे संशोधन पुढे जातं म्हणजे नेमकं काय होतं? आणि एवढं सगळं असून आमच्या गावच्या पावसाचा अंदाज का चुकतो? मुलांना यातलं काही हाताने करायला देता येईल का?"

मॅडम, माझी वीस-बावीस वर्षं हवामानाची मॉडेलं चालवण्यात गेली. म्हणून पावसापासूनच सुरुवात करतो, बाकीचं ओघात येईल.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, गोदाकाठचं. मी या कामाला लागलो तेव्हा अण्णांना, म्हणजे वडिलांना, फार अप्रूप होतं. ते दोन पावसाळे टिकलं. तिसऱ्या वर्षी जुलैत पेरणी करून आभाळाकडे बघत बसले होते. रेडिओवर 'मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस' लागलं, तसे म्हणाले, "तुरळक म्हंजे आपलं गाव सोडून. पलीकडच्या शिवारात पडायलाय अन् इथं धूळ उडायलीय. काहून रे, तुमच्या मशिनीत आपलं गाव दिसत नाही का?"

खरंच दिसत नव्हतं. हवामानाचं मॉडेल वातावरणाचे डबे पाडतं, जमिनीवर चौकोन आणि त्यावर आभाळापर्यंत एकावर एक थर. प्रत्येक डब्यात तापमान, दाब, बाष्प, वारा यांचा एकेकच आकडा. मग हवेच्या हालचालीचे आणि उष्णतेचे नियम लावून पुढच्या काही मिनिटांनी त्या डब्यात काय असेल ते काढायचं, आणि असं करत दहा दिवस पुढे जायचं. आपल्याकडचं जागतिक मॉडेल अनेक वर्षं १२ किलोमीटरच्या चौकोनावर चालत होतं. १२ गुणिले १२ म्हणजे १४४ चौरस किलोमीटर. त्यात दहा-पंधरा गावं सहज मावतात आणि त्या सगळ्यांना मिळून पावसाचा आकडा एकच. जुलैतला ढग तर बऱ्याचदा दोन-तीन किलोमीटरचाच असतो. जाळ्याची भोकं मोठी असली की चिंगळी निसटते, तसा तो निसटतो. मग मॉडेलला ठोकताळा द्यावा लागतो: एवढी उष्णता, एवढं बाष्प असेल तर या चौकोनात अमुक इतके ढग झाले असं समज. अंदाजातली निम्मी भांडणं या ठोकताळ्यांवरून होतात.

मग चौकोन लहान का करत नाही? बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात. शिवाय लहान चौकोनात वारा लवकर आरपार जातो, म्हणून वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात. म्हणजे काम आठपट. १२ किलोमीटरवरून १ किलोमीटरवर यायचं तर १२ चा घन, १७२८ पट. आणि दहा दिवसांचा अंदाज काढायला अकरा दिवस लागले तर तो कुणाच्या कामाचा?

महासंगणक हवा तो इथे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्युष' आला, ४ पेटाफ्लॉप्सचा. एक पेटाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं. सप्टेंबर २०२४ मध्ये 'अर्का' आला, ११.७७ पेटाफ्लॉप्सचा. मुलांना असं सांगा: देशातल्या १४० कोटी लोकांनी, तान्ह्या बाळासकट, दर सेकंदाला एक गणित या वेगाने न झोपता काम केलं, तर अर्काचं एका सेकंदाचं काम संपवायला त्यांना सव्वातीन महिने लागतील. या ताकदीवर मे २०२५ मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली आणि चौकोन १२ वरून ६ किलोमीटरवर आला. अण्णांचं गाव अजूनही त्यात एकटं दिसत नाही. पण दहा-पंधराऐवजी आता तीन-चार गावांचाच घोळका आहे.

आता 'नुसता फास्ट कॉम्प्युटर का?' तर नाही. एकच प्रोसेसर किती पळवायचा याला मर्यादा आहे, तो तापतो. म्हणून हजारो प्रोसेसर एकमेकांना जोडतात. ऐंशीच्या दशकात अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. तोही साध्या प्रोसेसरांची मोट बांधूनच. खरी कसरत ही मोट बांधण्यातच आहे. लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. वाढपी वाढवले की पंगत लवकर उठते. पण कोठीची किल्ली एकाच मामांकडे असेल, तर वाढपी पन्नास केले तरी मामा येईपर्यंत पन्नासही जण रिकामी बादली घेऊन उभे. शंभर मिनिटांच्या कामातली पाच मिनिटं वाटून देता येत नसतील, तर लाख प्रोसेसर लावा, काम वीसपटीपेक्षा जास्त वेगाने होणार नाही. शिवाय हवामानात प्रत्येक डब्याला पावलोपावली शेजारच्या डब्याचा आकडा लागतो. एक नोड, म्हणजे त्या मोटेतला एक संगणक, रेंगाळला की बाकीचे हजार त्याची वाट बघत बसतात. आमची अर्धी नोकरी हा रेंगाळणारा नोड शोधण्यात गेली.

पण अंदाज हे महासंगणकाचं रोजचं दळण झालं. संशोधनात त्याची गंमत वेगळीच आहे. मराठवाडा पर्जन्यछायेत आहे हे भूगोलात तुम्ही शिकवताच. सह्याद्री वारा अडवतो, पाणी कोकणात आणि घाटमाथ्यावर पडतं, आपल्याकडे उरलंसुरलं येतं. मुलगा विचारेल, 'सह्याद्री नसता तर?' हा प्रयोग जमिनीवर करता येत नाही. मॉडेलमध्ये येतो. उंचीच्या फाइलमध्ये सह्याद्रीच्या जागी सपाट जमीन लिहायची आणि तोच पावसाळा पुन्हा चालवायचा. एकदा डोंगर ठेवून, एकदा काढून, आणि प्रत्येक प्रकार सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फरक करून वीस-तीस वेळा, म्हणजे योगायोग कोणता आणि डोंगराचा परिणाम कोणता ते वेगळं होतं. समुद्र एक अंशाने तापवून बघा, हवेतली धूळ काढून बघा, शेताखालची ओल बदलून बघा. जिथे प्रयोगशाळा बांधताच येत नाही तिथे महासंगणक प्रयोगशाळा होतो. पृथ्वी एकच आहे. तिच्या पन्नास प्रती काढून प्रत्येकीला वेगळं वागवायची सोय दुसरीकडे कुठे नाही.

एआयचा रस्ता उलटा. त्याला नियम सांगत नाहीत, नोंदी देतात. जुनी हवामानाची चार दशकं त्याच्यापुढे ठेवायची: आज असं होतं, सहा तासांनी असं झालं. हजारो उदाहरणं पाहून ते 'अशानंतर असं होतं' हे पकडतं. २०२३ मध्ये आलेलं 'ग्राफकास्ट' हे मॉडेल दहा दिवसांचा जागतिक अंदाज एका यंत्रावर मिनिटभरात काढतं आणि अनेक कसोट्यांवर नेहमीच्या मॉडेलांपेक्षा सरस ठरलं. युरोपच्या हवामान केंद्राने फेब्रुवारी २०२५ पासून स्वतःचं एआय मॉडेल रोजच्या कामात घेतलं. त्याच वर्षीच्या खरिपात आपल्या केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना एआयवर आधारलेला मान्सूनच्या आगमनाचा अंदाज एसएमएसने पाठवला. त्या वर्षी मान्सून २४ मेलाच केरळात पोचला आणि पुढे येऊन मध्येच अडला. तो अडणार हे त्या अंदाजात आधी आलं होतं. दुबार पेरणी म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला याची किंमत सांगायला नको.

मग महासंगणक कशाला, हा तुमचा प्रश्न इथे नेमका बसतो. एआय ज्या चार दशकांवर शिकलं, त्या निव्वळ नोंदी नाहीत. प्रत्यक्ष नोंदी ठिगळाठिगळाने असतात. मधल्या समुद्रावर, वाळवंटावर कोण बसलंय मोजायला? ती भोकं महासंगणकावर नियमांचं मॉडेल चालवून, जुन्या मोजमापांशी ताळा घालत भरली गेली, आणि तो भरलेला गठ्ठा एआयला अभ्यासाला दिला. थोडक्यात, ज्या मास्तरांची मेहनत, त्यांनाच पोरगं म्हणतं आता तुमची गरज नाही. बरं, रोजचा अंदाज सुरू करतानाही आजचं आभाळ कसं आहे ते त्याच मास्तरांकडून घ्यावं लागतं.

आणि पोराची एक खोड मी जवळून पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही तालुका पातळीवरच्या पावसासाठी एक लहानसं एआय मॉडेल बनवत होतो. एका ठिकाणची पर्जन्यमापकाची जुनी रजिस्टरं मिळाली, हाताने लिहिलेली, शाई फुटलेली. ती एक्सेलमध्ये उतरवली. रिकाम्या चौकटीत काय भरायचं? पाऊस नसेल म्हणून लिहिलं नसेल, असं म्हणून मीच शून्य भरायला सांगितलं. मॉडेल झकास चाललं. आमच्यातली एक नवीन मुलगी, पदव्युत्तरची नुकतीच झालेली, मॉडेल कशाकशाला किती महत्त्व देतंय ते तपासत बसली होती. म्हणाली, "सर, हे वाराला एवढं वजन का द्यायलंय?" तारखेच्या रकान्यातून वार चुकून आत गेला होता. आलेख काढला. रविवारी पाऊस जवळपास नाहीच, आणि सोमवारी दुप्पट.

ज्याच्याकडे नोंदीचं काम होतं तो रविवारी सुट्टीवर. मापकातलं पाणी मात्र सुट्टी घेत नाही. रविवारचं पाणी साचून राहायचं आणि सोमवारी दोन्ही दिवसांचं मिळून एकदम लिहिलं जायचं. आणि रविवारची मोकळी चौकट मी शून्याने भरून ठेवलेली. मॉडेल इमानेइतबारे शिकलं की रविवारी पाऊस पडत नाही. नियमांच्या मॉडेलकडून ही चूक होऊच शकत नाही, कारण हवेला वार कळत नाही. एआयला हवा म्हणजे काय तेच माहीत नाही. त्याला फक्त रजिस्टर माहीत आहे.

त्याच कामातली दुसरी फसगत: मॉडेल ८८ टक्के दिवस बरोबर सांगतंय म्हणून आम्ही खूश होतो. मग एकाने हिशेब मांडला. वर्षात पावसाचे दिवस ४५ धरले, तर रोज डोळे मिटून 'आज पाऊस नाही' म्हणणाराही ३६५ पैकी ३२० दिवस बरोबर येतो. म्हणजे ८८ टक्के. आपल्या भागात कोणी एआयच्या अचूकतेची टक्केवारी सांगितली, की आधी विचारायचं: गप्प बसणाऱ्याला किती गुण पडतात?

आता तुमच्या दारातलं लिगो. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटींची मंजुरी दिली तो प्रकल्प. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, आणि त्यांच्या लांबीतला फरक मोजायचा लेझरने. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लिगोंनी पहिली गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशातूनच पसरत आलेली सूक्ष्म थरथर, पकडली. आपल्या सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. भुजेच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या चारशेव्या भागाएवढा, आणि तोही सेकंदाचा पाचवा भाग टिकलेला. बाकी सगळा गोंगाट: जमिनीची थरथर, वाहनं, वारा. अमेरिकेतल्या एका लिगोत तर नळावर जमलेला बर्फ टोचणाऱ्या तहानलेल्या डोमकावळ्यांचीही नोंद झाली होती.

औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत चुकलेल्या पोराला भोंगे, पाळणे, पिपाण्यांच्या कालव्यातही आईची हाक ओळखू येते, कारण तो आवाज त्याच्या डोक्यात आधीच बसलेला असतो. लिगोचं तसंच आहे. लहर कशी दिसेल हे आधी माहीत हवं. आइन्स्टाइनची समीकरणं १९१५ ची. पण दोन कृष्णविवरं मिसळताना त्यांचं उत्तर कागदावर निघत नाही. संगणकावर ते पहिल्यांदा शेवटपर्यंत नेलं फ्रान्स प्रिटोरियस यांनी, २००५ मध्ये, म्हणजे नव्वद वर्षांनी. अशा एकेका टकरीचं गणित महासंगणकावर कित्येक आठवडे चालतं. त्यातून बसवलेले लाखो नमुने येणाऱ्या गोंगाटाशी ताडून बघायचे. ही ताडून बघण्याची पद्धत घडवण्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे, हे मुलांना जरूर सांगा.

एआय इथे दोन ठिकाणी लागतं. खोटे खडखडाट ओळखून बाजूला काढायला, म्हणजे कावळा कोणता आणि कृष्णविवर कोणतं. आणि घाईसाठी. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली आणि पावणेदोन सेकंदांत गॅमा किरणांचा झोत. मग जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. अशा वेळी टक्कर आकाशात कुठे झाली ते पटकन कळायला हवं. जे गणित जुन्या पद्धतीने काही तास ते काही दिवस घ्यायचं, ते शिकवून तयार केलेलं एआय काही सेकंदांत करून देतं. शिकवलं कशावर? महासंगणकाने आठवडेच्या आठवडे चालून काढलेल्या त्याच नमुन्यांवर. आधी खस्ता खाऊन नियमाने काढायचं, मग ते पाठ करून घेऊन झरझर वापरायचं, आणि शंका आली की परत नियमाकडे जायचं. आजचं बरंचसं संशोधन या ये-जा करण्यावर चाललंय.

प्रथिनांचंही तेच. 'अल्फाफोल्ड' या एआयने २०२२ पर्यंत सुमारे २० कोटी प्रथिनांच्या घड्या, म्हणजे त्यांचे रेणू दुमडून कोणता आकार घेतात ते, सांगितल्या आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा निम्मा वाटा त्या कामाकडे गेला. पण ते ज्यावर शिकलं त्या लाख-दीड लाख रचना माणसांनी पन्नास वर्षं स्फटिक वाढवून, क्ष-किरण टाकून एकेक करून मोजल्या होत्या. उलट २०२३ मध्ये एका एआयने २२ लाख नवे स्फटिक सुचवले, तेव्हा त्यातले खरोखर नवे किती आणि उपयोगाचे किती, असं रसायनशास्त्रज्ञांनी लगेच विचारलं. सुचवणं स्वस्त झालंय, करून बघणं तेवढंच महाग राहिलंय.

किल्लारीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलं विचारतील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप आज एआयला आधी सांगता आला असता का? नाही. भूकंपाची वेळ आधी सांगणारं काहीही आज नाही, आणि व्हॉट्सॲपवर कोणी तसं म्हणालं तर ते पुढे पाठवू नये. एआयचा उपयोग वेगळा आहे. भूकंपमापकाच्या नोंदीत माणसाच्या डोळ्याला न दिसणारे बारीक धक्के ते शोधून काढतं. तुमच्या शेजारी वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या परिसरात जमिनीतून आवाज येतात, तशा ठिकाणी हे बारीक धक्के नकाशावर मांडले की खालची भेग कुठून कशी गेली आहे ते उमगायला लागतं. त्यासाठी आधी पुरेसे मापक जमिनीत हवेत.

खर्चाचं एक वाक्य सांगायलाच हवं. अमेरिकेतला 'एल कॅपिटन' हा महासंगणक सुमारे ३० मेगावॅट वीज खातो. परळीच्या वीजकेंद्राचा २५० मेगावॅटचा एक संच असे आठच पोसू शकेल. आणि थंड ठेवायला पाणी लागतं ते वेगळं. पाण्याअभावी परळीचं केंद्रच बंद पडलेलं आपण पाहिलंय, तेव्हा 'आपल्याकडे का उभारत नाहीत' याचं उत्तर मुलं स्वतःच देतील.

राहिलं मुलांच्या हाताला काम. भारतीय हवामान विभागाची १९०१ पासूनची रोजच्या पावसाची चौकोनवार माहिती नेटवर फुकट मिळते. चौकोन पाव अंशाचा, म्हणजे साधारण २७ किलोमीटरचा. तुमचा तालुका त्यात एक-दोन चौकोनांत संपतो. लिगोची २०१५ ची लहरही खुली आहे. दहावीची मुलं शाळेच्या लॅपटॉपवर पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत तिचा आलेख काढू शकतात.

पण मी असतो तर आधी पर्जन्यमापक करायला लावला असता. सरळ बाजूंची रुंद प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवा, तळाला खडे टाकून पाणी भरा आणि बाजू सरळ होतात तिथे शून्याची खूण करा. वर पट्टी चिकटवा. खुणेच्या वर जितके मिलिमीटर तितका पाऊस. झाड किंवा भिंत जेवढी उंच, निदान तिच्या दुप्पट अंतरावर उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला बघायचं, आकडा त्याच तारखेखाली लिहायचा, आणि पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणायचं. पाऊस नसेल त्या दिवशी ०.० लिहायचं. बघायला कोणी आलंच नाही, तर चौकट मोकळी ठेवून शेजारी 'पाहिलं नाही' असं लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशीच्या आकड्यापुढे 'दोन दिवसांचा'. रविवारी कोण येणार ते आधी ठरवून घ्या.